थोरल्या मामांचा गट नंबर

तुमच्या बँक खात्याला जोडलेला मोबाईल नंबर कुणाचा आहे, हे तुम्ही आत्ता, पासबुक न उघडता, छातीठोकपणे सांगू शकता का? हसण्यावारी नेऊ नका. माझ्या थोरल्या मामांनी नेलं होतं, आणि थोरले मामा म्हणजे कळंब तालुक्यातला सर्वांत सावध माणूस. सर्वांत शिवराळ माणूसही तेच आणि सर्वांत मायाळूही तेच. वरणातून हळद वेगळी काढता येईल, पण मामांच्या बोलण्यातून शिवी बाजूला काढून माया तेवढी शिल्लक ठेवता येणार नाही.

कळंबला त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, मागंच घर आणि गोठा. बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं विकण्यात जन्म गेल्यामुळे मामांच्या शिव्याही सगळ्या किडींच्या आणि रोगांच्या. आईबहिणीवरून त्यांनी कुणाला बोललेलं मी कधी ऐकलं नाही. जुनं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की "ये रे हुमणे, आज कुणाच्या मुळ्या खाऊन आलास?" आणि मग चहा. हिशेबात घोळ घालणारा दिवाणजी म्हणजे तांबेरा, सासरहून आलेली लेक म्हणजे मावा, कारण आली की घरभर पसरते. मी खोडकिडा. "वरनं झाड हिरवंगार, आतनं पोखरायचं काम चालू," असं ते माझी ओळख करून देताना पाहुण्यांना सांगतात. मी पत्रकांवर वाढलेला मुलगा आहे. वडील चळवळीतले, आमच्या घरात किराणा संपायचा, पत्रकं कधी संपली नाहीत. त्यामुळे हातात लेखणी आल्यावर मीही पत्रकंच काढली, आणि त्यातलं एक पत्रक औषध कंपन्या दुकानदारांना फुकट परदेशी फिरवून आणतात त्याविरुद्ध होतं. मामांनी ते स्वतःच्या गल्ल्यावर चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'औषध फवारूनही न मेलेला खोडकिडा'.

पण मामांची खरी भीती त्यांच्या शिवीची नाही, आदराची आहे. ज्याच्यावरून त्यांचं मन उडालं, त्याला ते 'साहेब' म्हणतात, 'आपण' म्हणतात, बसायला खुर्ची देतात. एकदा तालुक्याला नवे कृषी अधिकारी आले. पहिल्याच भेटीत मामा त्यांना "यावं साहेब, बसावं साहेब" म्हणाले. साहेब खूश होऊन बाहेर पडले, तर त्यांचाच शिपाई म्हणाला, "साहेब, कायतरी बिनसलं बगा. त्यांनी तुमाला एकबी अळी म्हणली न्हाय."

हा आदर मामांनी सख्ख्या भावावर वापरला, तेव्हा गावाला कळलं की घर फुटलं. धाकटे मामा गावी राहतात, त्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात. लहानपणी ते थोरल्या भावाभोवती सारखे घिरट्या घालायचे म्हणून मामांनी त्यांचं नाव चक्रीभुंगा ठेवलेलं. सोयाबीनच्या देठाला गोल फिरून कापणारा तो भुंगा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. म्हातारपणाकडे झुकलेल्या आप्पांना भर बाजारात "ए चक्रीभुंग्या" अशी हाक यायची आणि ते "ओ दादा" म्हणत वळायचे. मग आप्पांना विहिरीच्या योजनेसाठी स्वतंत्र सातबारा लागला. त्यांनी मोजणी मागितली. सरकारी माणसं आली, वडिलोपार्जित गट दुभागला, मधोमध दगड बसला आणि गट नंबरापुढे तिरकी रेघ मारून आप्पांना पोटहिस्सा 'एक' आणि मामांना पोटहिस्सा 'दोन' असा आकडा पडला. मामा बांधावर उभे होते. सगळं उरकल्यावर ते एवढंच म्हणाले, "आप्पासाहेब, आपलं काम झालं. आपण यावं." त्या दिवसापासून दोघं भाऊ बोलले नाहीत. मामांनी तो पोटहिस्सा कधी उच्चारला नाही. शेतात गेले की त्या दगडापाशी येताच ते आभाळाकडे बघत चालतात. दोनदा ठेचाळले, एकदा अंगठ्याचं नख गेलं, पण दगड आहे हे कबूल केलं नाही.

उलट, अख्खा गट नंबर त्यांच्या अंगात भिनला. मोटरसायकलच्या पाटीवर तोच, बॅगेच्या कुलपाला तोच, मोबाईल उघडायला तोच आणि एटीएमच्या पिनलाही तोच. चार आकडी आहे. इथं मी छापत नाही, पण आमच्या गावात कुणालाही विचारा, सांगेल. यावर मामांची सावधगिरी अशी, की कळंबच्या एटीएममध्ये ते डोक्यावरचा टॉवेल काढून बटणांवर तंबूसारखा धरतात, आत हात घालतात, आणि मग एकेक आकडा मोठ्यानं म्हणत दाबतात. रांगेतली माणसंही सोबत म्हणतात.

तर गेल्या वर्षी मामांची विक्री उद्दिष्टाच्या इतकी पुढे गेली, की औषध कंपनीनं जोडप्याबरोबर तिसरीही जागा दिली. सहल व्हिएतनामची. मामांनी मला न विचारता माझं नाव घातलं. मी तत्त्वाचा प्रश्न उपस्थित केला. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तत्त्वं आल्यावर पाळ. आदी ह्यांचं इंग्रजी कोण बोलणार ते सांग." मग मी अट घातली: कंपनीचं जेवण घेणार नाही. मामींनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटी यांचा डबा भरला, विमानात त्यातला निम्मा कंपनीच्या इतर दुकानदारांनीच संपवला, आणि माझा बहिष्कार दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्रकाठच्या एका हॉटेलात भातावर संपला.

निघताना सगळ्यांनी डॉलर घेतले होते. मामांनी घेतले नाहीत. "कार्डावर जगाचं चित्र काढलंय की. जगात चालत नसंल तर चित्र कशाला काढत्याल?" माझं स्वतःचं खातं पतसंस्थेत, तेही तत्त्व म्हणून. तिचं कार्डच नाही. तेव्हा आमची तिघांची परदेशातली सगळी पत त्या एका कार्डावर होती, आणि ते मामांच्या बंडीच्या चोरखिशात, वर सेफ्टी पिन लावून, सुरक्षित होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे होडीनं बेटावर गेले. मामींच्या पोटात कळ येत होती म्हणून आम्ही तिघं मागं राहिलो. ओवा झाला, गरम पाणी झालं. मामी आधी "वारा धरलाय" म्हणाल्या, मग काहीच म्हणेनाशा झाल्या, आणि गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे वळल्या. ज्या बाईनं बाळंतपणातही आरडाओरडा केला नाही असं आजी सांगते, ती बाई उशी दातात धरून कण्हायला लागली. हॉटेलजवळच एक छोटा दवाखाना होता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, उजव्या बाजूला हात लागताच मामी किंचाळल्या, आणि डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळून हळू इंग्रजीत म्हणाल्या की बहुतेक अपेंडिक्स आहे, फुटण्याआधी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात न्यायला हवं, उशीर करू नका. ॲम्ब्युलन्स त्यांनीच बोलावली. ती खासगी. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं, मामींना आत घेतलं आणि माझ्यापुढे हात केला. रोख आधी. सहलीचा व्यवस्थापक होडीवर, त्याचा फोन लागत नाही. माझ्या खिशात होते ते थोडेसे डॉलर दवाखान्याच्या फीमध्ये गेले होते. एटीएम रस्त्याच्या पलीकडे समोरच दिसत होतं.

मामा धावले. रिक्षात बसतानाही आधी सीट झटकणारा तो माणूस वाहनांच्या लोंढ्यात सरळ घुसला. चोरखिशाची सेफ्टी पिन निघेना, तर त्यांनी बंडीच टराटरा फाडली. कार्ड आत गेलं. टॉवेलचा तंबू झाला. पडद्यावर सहा चौकटी आल्या.

"सहा?" मामा म्हणाले.

"सहा आकडी पिन मागतंय, मामा."

"आपला गट चारच आकडी हाय." ते क्षणभर थांबले, आणि त्यांचा चेहरा पडला. मला काही सांगायची गरज उरली नाही. यंत्राला पुढचे दोन आकडे हवे होते, आणि इतकी वर्षं टाळलेले ते दोन आकडे मामांना पाठ होते. "ह्यांला पोटहिस्सा लागतोय," ते पुटपुटले.

पलीकडून मामींचं कण्हणं ऐकू येत होतं की मला तसा भास होत होता, ठाऊक नाही. मामांनी एकदा ॲम्ब्युलन्सच्या उघड्या दाराकडे पाहिलं आणि गट नंबर दाबून पुढं शून्य, दोन दाबलं. पहिल्यांदाच त्यांनी आकडे मोठ्यानं म्हटले नाहीत.

यंत्रानं नकार दिला.

"बघ," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात कुठंतरी समाधान होतं. "मशीनलाबी पटलं न्हाय."

तेवढ्यात मला खालची बारीक ओळ दिसली: चार आकडी पिन असेल तर चार दाबून हिरवं बटण दाबा. मामांनी अखंड गट नंबर दाबला, हिरवं बटण दाबलं. पिन पास झाला. रक्कम निवडली. आणि पडद्यावर आलं की तुमच्या बँकेनं या व्यवहाराला परवानगी दिलेली नाही. कार्डावरच्या जगाच्या चित्राला तेवढं कुलूप होतं. परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्यावे लागतात, आणि ते बँकेनं कार्डासोबतच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत छापलं असणार. मी पत्रकं काढणारा माणूस. बारीक अक्षरांवर मी एक अख्खं पत्रक काढलं आहे. पण निघण्याआधी ती पुस्तिका मीही उघडली नव्हती.

दवाखान्यात परत पळत येऊन मी माझ्या फोनवरून बँकेची हेल्पलाइन लावली. खूप वेळ सतार वाजली, मग यंत्रातली बाई बोलली. कार्डाचा नंबर दाबा, दाबला. 'आपल्या नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे. थोड्याच वेळात तो बाद होईल.'

"मामा, तुमचा फोन बघा, आकडे आले का?"

मामांनी फोन काढलाच नाही. "माज्यावर येत न्हाय."

"मग कुणावर?"

खातं उघडलं तेव्हा घरात मोबाईल एकाकडेच होता. आप्पांकडे. पुढं बदलू, पुढं बदलू म्हणत राहून गेलं, आणि नंतर बदलायचं म्हणजे आप्पांकडून काहीतरी घ्यावं लागेल की काय, या भीतीनं मामा बँकेत त्या विषयाला हातच लावत नव्हते. पैसे तर पिनवर निघतात! बाकी कशाला लागतंय?

माझा फोन हेल्पलाइनवर अडकलेला, मामांच्या फोनवर तिथं नुसते मेसेज यायचे, म्हणून डॉक्टरीणबाईंनी काउंटरवरचा फोन पुढे सरकवला. बाहेर ड्रायव्हर मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत होता. मी आप्पांचा नंबर फिरवला.

"कोण?"

"आप्पामामा, मी बोलतोय. परदेशातून. आत्ता तुमच्या मोबाईलवर एक ओटीपी आलाय बघा, तेवढा सांगा लवकर, थोरल्या मामी लई आजारी..."

"आलास का रे भामट्या!" आप्पा असे गरजले की डॉक्टरीणबाईही दचकल्या. "आदी मेसेज पाठवायचा, मग बाहेरच्या नंबरवरनं फोन करायचा, घरातलं कुणीतरी आजारी सांगायचं. सगळं म्हाईत हाय मला. आमच्या भाच्यानं पत्रक काढलंय त्याच्यावर. 'ओळखीचा आवाज काढला तरी ओटीपी सांगू नका.' माज्या दारावर चिकटवलंय!"

"आप्पामामा, ते पत्रक मीच..."

"त्याचाच आवाज काढतोस व्हय? आमच्या दादाच्या पैशाला हात लावून तर बघ. दादा कष्टाचा माणूस हाय. ठाण्यात देतो तुला!"

फोनचा आवाज मोठा होता. मामांना शब्दन् शब्द ऐकू जात होता. ते भिंतीला टेकले होते, फाटकी बंडी, टॉवेल हातात. 'आमच्या दादाच्या' हे ऐकल्यावर त्यांनी टॉवेल तोंडावर धरला. इकडे हेल्पलाइनवरची बाई म्हणाली, ओटीपीची मुदत संपली. नवा हवा असल्यास एक दाबा. मी एक दाबला आणि काउंटरचा फोन मामांच्या हातात कोंबला.

मामांनी घसा खाकरला. "आप्पासाहेब," ते म्हणाले, "आपल्याला तसदी देतोय. आपण कृपा करून तेवढे आकडे..."

"हा दुसरा आला," पलीकडून आप्पा. "आवाज हुबेहूब काढलास बाबा. पण फसलास. आमचा दादा मला आप्पासाहेब म्हणत न्हाय." बांधावरचं ते एक 'आप्पासाहेब' आप्पांनी कधी हिशेबात धरलंच नसावं.

"मी थोरला बोलतोय. आपण विश्वास ठेवावा."

"आपण? मला? ठेव फोन!"

बाहेर ड्रायव्हरनं ॲम्ब्युलन्सचं दार लावायला घेतलं. आतून मामींचा आवाज आला, अगदी बारीक, "अवो..." एवढाच. आणि मामांचा बांध फुटला.

"आरं ए चक्रीभुंग्या! गाजरगवता! तुझ्या वहिनीचं पोट फुटायला आलंय अन् तू मला पत्रक वाचून दावतोस व्हय रे, बोंडअळे? आकडे सांग! न्हाय सांगितलेस तर तिथं येऊन तुला बुडख्यासकट उपटीन! सांग म्हणतो ना, तांबेऱ्या, करप्या, भुरीच्या..."

डॉक्टरीणबाई काउंटरमागून उठून उभ्या राहिल्या.  मग आप्पांचा आवाज आला, पण गरजण्याचा नाही. "हां. आता वळखलं. लिवून घ्या दादा." आणि त्यांनी आकडे सांगितले, एकेक, सावकाश, मोजणीच्या साखळीसारखे. मी हेल्पलाइनवर ते दाबले. फोन ठेवण्याआधी आप्पांनी विचारलं, "वहिनी बऱ्या होत्याल ना?" मामांनी फोन कानाशी घट्ट धरला. त्यांनी मान डोलावली. फोनवर मान डोलावलेली दिसत नाही, हे त्या दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नसावं, कारण आप्पा "बरं बरं" म्हणाले.

परत एटीएम. या वेळी यंत्रानं आणखी एक प्रश्न काढला: आमच्या भावानं रुपये करून पैसे कापू का, हो की नाही? मी घाईत 'हो'कडे बोट नेलं, तर मामांनी माझं मनगट धरलं. "माप त्यांचंच अन् भावबी त्यांचाच? न्हाय म्हण." त्या अवस्थेतही त्यांच्यातला आडतबाजार जागा होता. मी 'नाही' दाबलं. नोटा आल्या, दार लागलं, गाडी निघाली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, असं रुग्णालयातले डॉक्टर नंतर म्हणाले. ऑपरेशननंतर मामी शुद्धीवर आल्या तेव्हा पहिलं वाक्य म्हणाल्या, "ह्यांनी फोनवर कुणाला इतक्या मायेनं शिव्या दिल्या?"

कळंबला परतल्यावर दोघे भाऊ गळ्यात पडले असतील, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. आप्पा वहिनींना बघायला आले, मामींच्या उशाशी बसले, चहा घेतला. मामा त्या वेळात गोठ्यात गेले आणि आप्पा जाईपर्यंत म्हशीला पाणीच पाजत राहिले. म्हैस कंटाळली. दगड अजून जागेवर आहे. मामा अजून तिथं आभाळाकडे बघत चालतात. एवढाच फरक, की आता कुणी आप्पांचा विषय काढला तर 'साहेब' येत नाही. "तो भुंगा का?" म्हणतात आणि विषय बदलतात.

बँकेतल्या बाईंनी त्यांना समजावलं की आता तरी खात्याला स्वतःचा नंबर जोडा. नियमही तसाच आहे आणि तोच शहाणपणा आहे. मी तर अर्ज भरून नेला. मामांनी त्याची घडी करून चोरखिशात ठेवली. "बघू पुढं."

मग एकदा आप्पांकडे गेलो असताना मी त्यांना विचारलं, इतकी वर्षं दुसऱ्याच्या खात्याचे मेसेज येत होते, कधी बोलला कसे नाहीत? आप्पा ओट्यावर बसले होते, फोन शेजारी. म्हणाले, "दुसऱ्याच्या कुठं? दादानं कळंबला पैसे काढले की हितं घंटी वाजायची. मला कळायचं, दादा आज बाजारात हाय, बरा हाय. एकदा लई दिवस वाजलीच न्हाय. मग मी एसटीनं कळंबला गेलो, दुकानासमोरनं चकरा मारल्या. दिसला आत, कुणावर तरी वरडत हुता. आलो माघारी."

हे मी मामांना सांगितलं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, गल्ल्याचा ड्रॉवर उघडला, बंद केला. पण तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असतानाही, मामा टॉवेल खांद्यावर टाकून समोरच्या एटीएममध्ये जातात आणि शंभर रुपये काढतात. त्यांना शंभर रुपयांची गरज नसते. ते बाहेर येऊन थोडा वेळ नुसते उभे राहतात, तोंड गावाकडे, आप्पांच्या ओट्याच्या दिशेला. आप्पांना आताशा कमी ऐकू येतं. त्यांनी नातवाला सांगून फोनची घंटी पार वर करून घेतली आहे. दोघांचीही वयं झाली. एखाद्या बाजारी मामांना पायऱ्या चढवणार नाहीत, किंवा एखाद्या बाजारी घंटी वाजेल आणि ओट्यावर कुणी नसेल. मला त्या दोघांना एका बाजेवर बसवायचं होतं. मला जमलं नाही; माझ्या पत्रकांनाही जमलं नाही.

म्हणून हे पत्रकासारखंच संपवतो, आणि माझं एवढं ऐका. हे वाचून झालं की उठा, पासबुक काढा, आणि तुमच्या खात्याला कुणाचा नंबर जोडलाय ते बघा. तो तुमचा नसेल तर उद्याच बँकेत जा आणि बदला. पण बदलण्याआधी त्या नंबरवर एकदा फोन लावा. आणि पलीकडून आवाज आला, तर मेहेरबानी करून 'आपण' म्हणू नका.